नारायण पेठेत व्याही बघताना

पुण्याला जाणारी माणसं काहीतरी बघायला जातात. कुणी शनिवारवाडा बघतं, कुणी सिंहगड चढतं. आम्ही दोघं गेलो ते एका घरातली माणसं बघायला. शनिवारवाडा आम्हाला रिक्षातून दिसला, म्हणजे ह्यांना दिसला; रिक्षावाला तेव्हा बसच्या पुढून गाडी घालत होता आणि मी डोळे मिटून घेतले होते. तरी परत आल्यापासून तुमसरमध्ये जो तो विचारतो, "काय बघितलं जी पुण्यात?" एकेकाला सांगून थकले, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आमची स्नेहल नागपूरला इंजिनिअर झाली आणि पुण्याला हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या, हे तिचं काम. ह्या दिवाळीत घरी आली तेव्हा शंकरपाळे लाटता लाटता म्हणाली, "आई, माझ्याच टीममध्ये निखिल म्हणून आहे. आम्हाला लग्न करायचंय." निखिलचं घर नारायण पेठेत, ब्राह्मणाचं. आम्ही बौद्ध. माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली होती.

हे, म्हणजे माझे यजमान, जन्मभर शाळेत भूगोल शिकवत आले. ऐकून दोन रात्री अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. मग म्हणाले, "पोरगी शिकली, कमावते, तिला कोण अडवते? पण मी कोणाच्या दारात मान खाली घालून उभा राहणार नाही."

स्नेहल म्हणाली, "बाबा, एकदा येऊन त्यांना भेटा. त्यानंतर तुम्ही नाही म्हणालात तर मी थांबेन. पण मग दुसरा मुलगा बघू नका."

थंडी पडली आणि आम्ही निघालो.

बिबवेवाडी

स्नेहल तीन मैत्रिणींबरोबर बिबवेवाडीत राहते. तिसरा मजला, खाली पिठाची गिरणी, शेजारी शिंप्याचं दुकान, त्याला लागून मोबाईलचं. आमच्याकडे एवढ्या दुकानांना अख्खा बाजारचौक लागतो.

मी येताना घरचा चिन्नोर तांदूळ आणला होता. आमच्या भागातला हा तांदूळ शिजायला ठेवला की चार घरांना कळतं. पिशवीची शिवण रिक्षातच उसवली आणि तांदूळ पायाशी सांडायला लागला. मी "अहो थांबा, थांबा" ओरडले. रिक्षावाल्याने मागे वळूनही बघितलं नाही. म्हणाला, "मावशी, गाडी थांबवली तर मागचे लोक आरती ओवाळणार नाहीत." सिग्नलला मात्र गाडी बाजूला घेतली, सीटखालून प्लास्टिकची पिशवी काढून दिली आणि स्वतः वाकून मुठीमुठीने तांदूळ भरला. पोचल्यावर मी आभार मानायला तोंड उघडलं तर म्हणाला, "असू द्या. पुढच्या वेळी दोरा जाड वापरा."

ह्यांना राग आला. "बोलायची काय पद्धत आहे ही?" आमच्याकडे माणूस तांदूळ भरणार नाही कदाचित, पण "बसा जी, पाणी घ्या जी" नक्की म्हणेल. पुण्यात कामं होतात आणि शब्द मिळत नाहीत, हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. कळलं नाही, आणि पुढचा घोळ त्यातूनच झाला.

नारायण पेठ

निखिलच्या घरी जायचं ठरलं होतं रविवारी. आम्ही पोचलो गुरुवारी. शुक्रवारी स्नेहल कंपनीत गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "चला, नुसता रस्ता तर बघून येऊ. पोरगी जिथे नांदणार तो रस्ता कसा आहे ते बघायला काय हरकत?"

"काहून? चोरासारखं?"

"गिऱ्हाइकासारखं," मी म्हटलं.

निखिलच्या वडिलांची टायपिंग इन्स्टिट्यूट त्याच रस्त्यावर आहे, हे स्नेहलने सांगितलं होतं. रस्ता अरुंद. एक तोंड लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीकडे, दुसरं नदीकडे. मधे वाकडातिकडा, जसा कुणी बोलता बोलता चालला असावा. लाकडी गॅलरीची एक दुमजली इमारत आणि तिला खेटून काचेची पाच मजली. खाली घड्याळ दुरुस्ती, छत्र्यांचं दुकान, इंटरनेटचं दुकान, त्याच्या बाहेर स्कूटरी इतक्या लावलेल्या की चालायला माणसाने आडवं व्हावं. कॉलेजची पोरं हिंदी, इंग्रजी, मराठी एका वाक्यात बोलत होती. दोन वऱ्हाडी आवाज ऐकले तेव्हा मला उगीच बरं वाटलं.

आणि मग वरून तो आवाज आला. टकटक, टकटक, आणि ओळ संपली की घंटी.

ज्यांनी कधी टायपिंग केलं नाही त्यांना हे कसं सांगू? माझ्या माहेरी माझ्याआधी कुणाला सरकारी नोकरी नव्हती. वडील विडीच्या कारखान्यात होते. भंडाऱ्याला मावशीकडे राहून मी मराठी टायपिंग शिकले, परीक्षा पास झाले आणि पंचायत समितीत कारकून लागले. आमच्या घरात पहिला पगार आला तो ह्या आवाजातून. माझे पाय आपोआप जिन्याकडे वळले.

"मी नाही येत," हे म्हणाले. "मी इथे चहा घेतो. जा तू गिऱ्हाईक होऊन."

वर एक लांब खोली. एका बाजूला टाइपरायटर, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर. टेबलाशी निखिलचे वडील. फोटो पाहिलेला असल्यामुळे मी ओळखलं. सडसडीत, चष्मा, चेहऱ्यावर काही नाही. त्यांना सगळे अण्णा म्हणतात.

"काय हवंय?"

"चौकशी करायची होती."

"कशाची?"

"क्लासची."

"शिकायचं कुणाला आहे?"

"मला," मी म्हणून गेले.

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "वयाची अट नाही. बसा त्या मशीनवर. किती येतंय ते बघू."

मी बसले. समोरचा उतारा टाइप करायला घेतला. बोटांना सगळं आठवत होतं. मला स्वतःलाच हसू यायला लागलं. अर्धा कागद झाला तसे अण्णा मागे येऊन उभे राहिले.

"तुमची बोटं बसलेली आहेत. तुम्हाला शिकवून मी काय मिळवणार?"

"तुम्ही मशिनी अजून ठेवल्यात?" मी विषय बदलला.

"सरकारी परीक्षा अजून ह्याच्यावर होते. सरकार बदललं की मी बदलीन." मग स्वतःच सांगायला लागले. खिडकीपाशी जाऊन खाली बोट दाखवत. "ते कपड्यांचं दुकान दिसतंय, तिथे छापखाना होता. शेजारी पुस्तकं बांधणारे. समोर विद्यार्थ्यांची खानावळ. मी लहान होतो तेव्हा ह्या रस्त्याला शाईचा आणि आमटीचा वास यायचा. मग टेलिफोनची पिवळी खोकी आली. रात्री दर उतरले की लोक रांगेत उभे राहून परगावी ओरडायचे. सगळ्या रस्त्याला सगळ्यांची भांडणं पाठ. आता खानावळीच्या जागी इंटरनेट आहे. मुलं तिथे बसून अमेरिकेशी बोलतात आणि गाडी माझ्या दारात लावतात."

"बाहेरगावची मुलं खूप दिसतात."

"खोल्या भाड्याने देतात ना सगळे. पूर्वी खोली द्यायच्या आधी आडनाव विचारायचे. आता आधी कंपनी विचारतात."

"आणि आडनाव?"

"तेही विचारतात," अण्णा म्हणाले. "पण डिपॉझिट घेतल्यावर."

मी हसले. तेवढ्यात त्यांनी वही ओढली. "बरं. नाव काय आपलं?"

खोटं बोलायला मला जमत नाही. "शालिनी मेश्राम. तुमसर."

त्यांचं पेन थांबलं. पोरं टकटक करत होती. अण्णांनी वही मिटली, चष्मा काढला, परत घातला.

"म्हणजे आपण रविवारी येणार होतात."

"हो."

"आज शुक्रवार आहे."

"हो."

"मग..." ते जिन्याकडे बघायला लागले. "मग परवा या."

एवढंच. मी उठले, नमस्कार केला, त्यांनी केला की नाही ते आठवत नाही, आणि खाली आले. ह्यांनी माझा चेहरा बघून चहा तसाच ठेवला.

"काय झालं?"

मी सांगितलं. ह्यांनी एकच विचारलं, "पाणी विचारलं?"

मी आठवून बघितलं. नव्हतं विचारलं.

हे चहाचे पैसे देऊन उठले. बसस्टॉपपर्यंत माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिले. संध्याकाळी स्नेहल आली तेव्हा मीच सगळं कबूल केलं. ती रागावली नाही, तेच वाईट. खिडकीत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अगं आई, ते सगळ्यांशीच असं बोलतात." पण तिचा आवाज बारीक झाला होता.

खडकवासला

शनिवारी स्नेहल आणि निखिल आम्हाला खडकवासल्याला घेऊन गेले. मला वाटतं, घरात बसून चौघांनी एकमेकांची तोंडं बघण्यापेक्षा बरं म्हणून. निखिल उंच, थोडा वाकून चालणारा मुलगा. ह्यांच्याशी बोलताना कानातली इयरफोनची वायर आधी काढून खिशात ठेवली, ते मी बघितलं.

धरण भरलेलं होतं. हिवाळ्याचं ऊन, पाण्यावरून येणारा वारा, पलीकडे सिंहगडाचा डोंगर. कडेला ओळीने गाड्या लागलेल्या, भाजलेली कणसं, कांदाभजी, पिठलं-भाकरी. पिठल्याला तिखट म्हणून जे होतं ते आमच्याकडे बाळंतिणीला चालेल. हे भूगोलाचे मास्तर. पाणी बघितलं की त्यांना राहवत नाही. ही मुठा, पुढे मुळा, पुढे भीमा, असं सांगायला लागले आणि निखिल ऐकत राहिला. ह्यांचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला.

मग कणीस खाता खाता निखिलनेच विषय काढला. "काका, शुक्रवारचं मला स्नेहलने सांगितलं. मी बाबांना काही विचारलेलं नाही. म्हटलं आधी तुमच्याशी बोलावं. तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते?"

इतकं सरळ ह्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. ह्यांनी हातातलं कणीस खाली घेतलं.

"मी नवीन मास्तर लागलो होतो," हे म्हणाले. "हेडमास्तरांनी सगळ्या स्टाफला घरी बोलावलं. सगळ्यांना चहा आला. माझी कपबशी वेगळी होती. कान तुटलेली. पिऊन झाल्यावर हेडमास्तरांची बायको म्हणाली, मास्तर, तेवढी विसळून ठेवा. मी विसळली. तेव्हा नोकरी नवीन होती. आता मी निवृत्त माणूस आहे. आता नाही विसळणार. आणि माझ्या पोरीने विसळलेली मला बघवणार नाही."

स्नेहलला ही गोष्ट माहीत नव्हती. मलाही अर्धीच माहीत होती. ती बापाला खेटून बसली.

निखिलने हात जोडून शपथा घेतल्या असत्या तर मी समजले असते की पोरगा कच्चा आहे. तो म्हणाला, "आमच्या घरी तसं होणार नाही, हे मी सांगू शकतो. पण सगळं गोडगोड आहे असं नाही सांगणार. माझी आत्या आमच्याच रस्त्यावर राहते. ती उद्या जेवायला येणार नाही. तिला हे पटलेलं नाही. आई तिच्याशी दोनदा भांडली. मी उद्या तुम्हाला दारात हे सांगण्यापेक्षा आज सांगितलं."

ह्यांनी कणसाचे दाणे सोलत मान हलवली. "बरं केलं," म्हणाले. "नाही सांगितलं असतं तर मी तिला शोधत बसलो असतो."

पुन्हा नारायण पेठ

रविवारी आम्ही वेळेवर पोचलो. हे नव्या शर्टात, मान इतकी ताठ की मला त्यांच्या मानेची काळजी वाटत होती. इन्स्टिट्यूटच्याच वरच्या मजल्यावर घर. दार उघडं. दारात अण्णा उभे, आणि हातात ट्रे, त्यावर पाण्याचा तांब्या आणि दोन भांडी. आम्हाला चपला काढायलाही वेळ दिला नाही.

"आधी हे घ्या," म्हणाले.

आम्ही तसेच दारात उभे राहून पाणी प्यालो. अण्णा आमच्याकडे बघत उभे. मग ह्यांना म्हणाले, "परवा आपल्या पत्नी माझ्याकडे आल्या आणि मी पाणी विचारलं नाही. गडबडलो. मला वाटलं, मुलीची आई माझी परीक्षा घ्यायला आली आणि मी तिचीच टायपिंगची परीक्षा घेत बसलो. एरवी पुण्यात पाणी विचारायला विसरणं हा काही गुन्हा नाही. पण तुमच्या बाबतीत त्याचा अर्थ दुसरा होतो, हे मला त्या जिना उतरून गेल्यावर कळलं. मी मागे धावलो. तोपर्यंत तुम्ही गर्दीत गेला होतात."

आतून निखिलच्या आई, सुलभाताई, पदराला हात पुसत आल्या. "दोन दिवस धड जेवले नाहीत हो. मला म्हणतात, सुलभा, त्या माणसांना काय वाटलं असेल? मी म्हटलं, फोन करा. तर म्हणतात, हे फोनवर सांगायचं असतं का? आत या ना. अहो, त्यांना आत तरी येऊ द्या!"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांच्या हातात रिकामं भांडं होतं. ते ठेवायचं कुठे हे त्यांना सुचेना. अण्णांनी ते काढून घेतलं आणि दुसऱ्या हाताने ह्यांचा हात धरून आत नेलं.

जेवायला अळूची पातळ भाजी, मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलबी. स्नेहलने आदल्या दिवशी पोचवलेल्या आमच्या चिन्नोरचा पांढरा भातही होता, वरणाबरोबर. अळूच्या भाजीत गूळ. हे हळूच मला म्हणाले, "भाजी गोड करून राहिले हे लोक." सुलभाताईंनी ऐकलं आणि आत जाऊन मिरचीचा ठेचा घेऊन आल्या. "स्नेहलने शिकवलाय. पहिल्यांदा केला तेव्हा निखिलच्या डोळ्यांतून पाणी. खाऊन बघा, जमलाय का?" जमला नव्हता. पण ह्यांनी दोनदा घेतला.

लग्नाचं बोलणं पाच मिनिटांत झालं. मंत्र की बुद्धवंदना, हा प्रश्न मी मनात घोळवत होते. अण्णा म्हणाले, "मुलांना रजिस्टर करायचंय. मला त्यात एकच फायदा दिसतो, लवकर आटोपतं. नंतर तुम्ही तुमची वंदना घ्या, आम्ही येऊन बसू. आम्हाला काही येत नाही, तेव्हा जरा मोठ्याने म्हणा." हे हसले. खरं हसले. तुमसरहून निघाल्यापासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं.

मग अण्णा उठले. "चला मास्तर, पान खाऊन येऊ."

आम्ही सगळेच खाली उतरलो. मला वाटलं, कोपऱ्यावर पानवाला असेल. पण अण्णा रस्त्याच्या वरच्या टोकापासून सुरू झाले. घड्याळवाल्यापाशी थांबले. "हे मेश्राम मास्तर. तुमसरचे. आमचे व्याही." घड्याळवाल्याने डोळ्यातलं भिंग काढून नमस्कार केला. पुढे छत्रीवाला. "हे मेश्राम मास्तर. आमचे व्याही. ह्या विहीणबाई. टायपिंगमध्ये तुझ्या मुलीला हरवतील." इंटरनेटच्या दुकानात आत डोकं घालून, "हे आमचे व्याही आहेत, मेश्राम. आज तरी स्कूटर काढा दारातून." प्रत्येक ठिकाणी आडनाव घेतलं. मोठ्याने, स्पष्ट, मागच्या बाकावरच्या पोराला ऐकू जावं तसं. ज्या रस्त्यावर आधी आडनाव विचारून मग खोली मिळायची, तिथे हा माणूस न विचारता आडनाव सांगत चालला होता.

सगळ्यांचेच चेहरे उजळले असं नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी "असं, असं" म्हणून लगेच पेपर वर धरला. आणि नदीच्या बाजूला एका गॅलरीत निखिलची आत्या उभी होती. अण्णांनी खालून हाक मारली, "ताई, आमचे व्याही आलेत. मेश्राम." ती आमच्याकडे बघत राहिली. "बरं," म्हणाली आणि आत गेली.

निखिलचा चेहरा उतरला. हेच त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "एवढं चालते. दार लावलं नाही ना तिने? सगळ्यांनी एकाच दिवशी हार घालावे असं थोडंच आहे."

मग पान खाल्लं. मसाला पान, ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा भर रस्त्यात खाल्लेलं. एक लाल थेंब नव्या शर्टावर पडला. सुलभाताई हळहळल्या, लिंबू लावा म्हणाल्या. अण्णा म्हणाले, "राहू द्या. पुण्याला येऊन गेल्याची पावती."

परत

सोमवारी अण्णा आणि सुलभाताई दोघेही स्टेशनवर आले होते. अण्णांनी आमचा डबा आधीच शोधून ठेवला होता आणि आम्ही चुकीच्या बाजूला उभे असल्याबद्दल आम्हाला बोलून घेतलं. सुलभाताईंनी बरोबर बाकरवडी दिली, धपाटे दिले. गाडी हलली तेव्हा स्नेहल आणि निखिल खिडकीबरोबर थोडं चालले, मग मागे पडले.

गाडीने वेग घेतला. मला किती बोलायचं होतं! लग्न थंडीतच घ्यायचं की उन्हाळ्यात, वंदनेला भंतेजी पुण्यात कोण मिळतील, आमच्या वस्तीतली माणसं पुण्याला कशी न्यायची, त्या सगळ्यांना गुळाची भाजी कशी चालायची. मी एकेक काढत होते आणि हे "हं, हं" करत होते.

"आणि काय जी," मी विचारलं, "अण्णांना तुमसरला बोलवायचं ना एकदा? आपलाही रस्ता दाखवू की त्यांना."

उत्तर आलं नाही. बघितलं तर हे खिडकीच्या गजाला डोकं टेकून झोपले होते. दिवसाउजेडी, बसल्या जागी, तोंड उघडं टाकून, शेजारचा प्रवासी हसेल इतक्या जोरात घोरत. दिवाळीपासून रात्र रात्र अंगणात येरझाऱ्या घालणारा माणूस. मी त्यांची शाल त्यांच्या अंगावर घातली, बाकरवडीचा पुडा उघडला आणि दौंड येईपर्यंत एकटीच खात बसले.